सरकवलेली रेघ

२०२५ च्या नवरात्रातली चौथी माळ होती. २५ सप्टेंबर, गुरुवार. औषधाच्या दुकानाचं शटर ओढून घरी यायला मला रोजच्यासारखे साडेदहा वाजले. समोरच्या मैदानात गरबा चालू होता, त्याच्या ढोलाने स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी हलकेच थरथरत होती. हातपाय धुतले, देवापुढच्या समईची वात थोडी पुढे सारली आणि ताट वाढून घेऊन बसले. डाव्या हातात फोन. दोन दिवसांपूर्वी ३८,००० रुपयांचं इथेरियम हे क्रिप्टो नाणं घेतलं होतं, त्याचा भाव चार हजार डॉलरच्या खाली गेला होता. घेतलं होतं ४,१८० ला, आणि घेतानाच वहीत लिहिलं होतं की ३,८५० लागला की विकून मोकळं व्हायचं. स्टॉपलॉस, म्हणजे भाव तिथवर पडला की आपोआप विकायची सूचना, लावलेला होता. स्क्रीनवर तो एका तुटक लाल रेघेसारखा दिसतो. भाव त्या रेघेपासून बोटभर वर होता. उजव्या हातात घास होता, म्हणून डाव्या अंगठ्यानेच मी ती रेघ धरली आणि खाली ओढली. ३,७०० वर सोडली. मग घास तोंडात घातला.

एवढंच झालं. पण वरणभाताची चव त्या घासापासून लागली नाही, हे मला अजून आठवतं.

त्या रात्री भाव माझ्या मूळ रेघेच्या खाली जाऊन आला, नव्या रेघेपर्यंत पोचला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून वर सरकू लागला. दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, शेजारीपाजारी सोनं वाटून झाल्यावर मी ४,४२० ला विकून टाकलं. साधारण बावीसशे रुपये सुटले. वहीप्रमाणे वागले असते तर तीन हजार गेले असते. म्हणजे नियम मोडला आणि पाच हजारांचा फरक माझ्या बाजूने पडला. आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. आपट्याची पानं पर्समध्ये ठेवताना मी स्वतःशी हसलेही असेन. पण ती ओढलेली रेघ मनातून जाईना. नुकसान झालं असतं तर मी स्वतःला दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. फायदा झाला होता, त्यामुळे सुनवायचं काय आणि कोणत्या तोंडाने, तेच कळत नव्हतं.

मी या बाजारात २०२१ साली आले. तेव्हा दुकानात येणारी पोरंसुद्धा खोकल्याचं औषध घेता घेता कोणत्या नाण्याचा भाव किती झाला ते बोलत असत. पहिली मोठी ठोकर २०२२ च्या मे महिन्यात बसली. लुना. मेच्या सुरुवातीला ऐंशी डॉलरच्या वर असलेलं ते नाणं एका आठवड्यात पैशांच्याही खाली गेलं. त्याच्या जोडीचं, कायम एक डॉलरला राहील अशी हमी दिलेलं नाणं घसरू लागलं. ते सावरण्यासाठी व्यवस्थेतच अशी सोय होती की नवं लुना छापलं जाई, आणि जितकं छापलं तितकं ते स्वस्त होत गेलं. हे सगळं मला नंतर समजलं. त्या आठवड्यात मी फक्त ॲव्हरेज करत होते, भाव पडेल तसं आणखी घेत होते. साठला घेतलं, तीसला घेतलं, सतराला घेतलं. नागपूरचा मे, दुकानात कूलरचा घरघराट, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, आणि काउंटरखाली धरलेला फोन. प्रत्येक वेळी वाटायचं, आता अजून कुठे जाणार खाली. ८६,००० रुपये गेले. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून कराचा नवा नियम लागू झाला होता: नफा झाला तर तीस टक्के कर, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्याही नफ्यातून वजा करता येत नाही. त्यामुळे ते ८६,००० हिशेबाच्या कुठल्याच बाजूला बसले नाहीत. नुसते गेले.

वही त्यानंतर आली. तिची कल्पना मला कुठल्या ट्रेडिंगच्या क्लासमध्ये मिळाली नाही, दुकानातल्या रजिस्टरवरून सुचली. आमच्याकडे शेड्यूल एच-१ ची औषधं द्यायची तर वेगळी नोंद ठेवावी लागते. काही अँटिबायोटिक, क्षयाची औषधं, अल्प्राझोलामसारख्या सवय लागणाऱ्या गोळ्या. डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध कोणतं, किती दिलं. रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. मी पहिल्यापासून एक शिस्त पाळली आहे: आधी नोंद, मग पट्टी काउंटरवर. समोरचा माणूस कितीही घाईत असो, ओळखीचा असो, रडत असो. एकदा पट्टी हातातून गेली की नोंद करताना आपण आठवणीतून लिहितो, आणि आठवण आपल्या बाजूने झुकते. तसंच मी व्यवहारांचं केलं. दोनशे पानी वही, आडवे रकाने. काय घेतलं, कितीला, किती रुपयांचं, कुठे चुकलो असं मानायचं, चुकलो तर किती जाणार. शेवटचा रकाना: ठरल्यापेक्षा वेगळं केलं असल्यास, का.

त्या वहीत माझ्यापुरता एकच हिशेब महत्त्वाचा आहे आणि तो मी दुकानातच शिकले होते. हृदयाच्या रुग्णाला देतात ती डिगॉक्सिनची गोळी ०.२५ मिलिग्रॅमची असते. मीठ-मोहरीच्या हिशेबात दिसणारही नाही इतकं. पण उपयोगी पडणारी मात्रा आणि घात करणारी मात्रा यांत तिथे फार थोडं अंतर आहे. औषध बरोबर असून चालत नाही, किती दिलं ते बरोबर असावं लागतं. बाजारात लोक सगळी बुद्धी ‘काय घ्यावं’ यावर खर्च करतात. माझ्या खात्यात तीन लाख रुपये आहेत. एका व्यवहारात त्यातला एक टक्का, म्हणजे तीन हजार, जाऊ द्यायची माझी तयारी असते, त्याहून जास्त नाही. म्हणून मी आधी बघते की चूक कुठे मान्य करायची. ती जागा घेतलेल्या भावापासून पाच टक्के खाली असेल, तर साठ हजारांचं घेता येतं. दहा टक्के खाली असेल तर तीस हजारांचंच. जागा जितकी लांब, खरेदी तितकी लहान. सलग दहा वेळा चुकले तरी एक-एक टक्क्याने नव्वद टक्क्यांहून थोडी जास्त रक्कम शिल्लक राहते. तेच दर वेळी दहा टक्के लावले तर दहा चुकांनंतर पस्तीस टक्केही उरत नाही, आणि तिथून मूळ रकमेला परत यायला पैसे जवळजवळ तिप्पट व्हावे लागतात. सलग दहा चुका होतच नाहीत असं कोणी म्हणालं तर मी त्याला माझी २०२२ सालातली पानं दाखवेन.

हे सगळं मी भाच्याला शिकवलं होतं. तो हिंजवडीत नोकरी करतो, पंचविशीचा आहे, गणितात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार. त्याने ऐकून घेतलं. पण एक टक्क्याने काय होणार मावशी, असं त्याला मनातून वाटत असणार. तो फ्युचर्समध्ये गेला, म्हणजे नाणं न घेता नुसत्या त्याच्या भावावर व्यवहार. वीसपट लिव्हरेज, म्हणजे उधारीवर वीसपट मोठा व्यवहार. पाच हजार स्वतःचे, एक लाखाचा व्यवहार. अशा व्यवहारात भाव पाच टक्के उलटा फिरला की आपले पैसे संपतात, प्रत्यक्षात त्याच्या थोडं आधीच, कारण एक्स्चेंज, म्हणजे हे व्यवहार चालवणारी कंपनी, स्वतःला तोशीस लागू देत नाही. वर दर आठ तासांनी फंडिंगची देवघेव, म्हणजे भाव चढेल म्हणणारे आणि पडेल म्हणणारे यांनी एकमेकांना द्यायची रक्कम. आपल्याकडच्या घड्याळाने पहाटे साडेपाच, दुपारी दीड, रात्री साडेनऊ. दिवाळीत-गणपतीत घरी आला तरी या तीन वेळांना त्याचा हात खिशाकडे जायचा. एकदा मी विचारलं, झोपतोस कधी रे? तो म्हणाला, बाजार झोपत नाही ना. शेअर बाजार साडेतीनला बंद होतो, फार पडला तर सर्किट लागून थांबतो, लोक घरी जातात, चहा पितात. इथे ती दारं नाहीत. इथे दार आपणच लावायचं असतं, ही माझी ठाम समजूत आहे, आणि स्टॉपलॉस म्हणजे मला तेच वाटत आलं आहे, झोपण्याआधी लावलेली कडी.

आणि ती कडी मी काढली होती. भाच्याला हे सांगितलं नव्हतं.

९ ऑक्टोबरला मी पुन्हा इथेरियम घेतलं, ४,३५० ला. रेघ ४,१५० वर. खरेदी ६५,००० ची, चुकले तर तीन हजार. वहीत सगळं नीट लिहिलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. रात्री साडेआठच्या सुमारास अमेरिकेच्या अध्यक्षांनी चीनवर मोठं आयातशुल्क लावण्याची धमकी दिल्याची बातमी आली आणि भाव खाली येऊ लागला. दुकानात गर्दी होती. तापाची साथ होती त्या आठवड्यात, पॅरासिटॅमॉल आणि ओआरएसची पाकिटं एकसारखी जात होती. सव्वानऊला जरा उसंत मिळाली तेव्हा फोन पाहिला. भाव रेघेला टेकत आला होता. आणि मी काय केलं ते लिहिताना आजही हात जड होतो: मी विचारसुद्धा केला नाही. अंगठा आपोआप गेला. सप्टेंबरमध्ये निदान घास तोंडाशी थांबला होता, छातीत काहीतरी हललं होतं. या वेळी काहीच नाही. रेघ ३,९०० वर सोडली आणि पुढच्या गिऱ्हाइकाची चिठ्ठी हातात घेतली.

पहाटे पावणेतीनच्या सुमारास, आपण सगळे झोपेत असताना, शंभर टक्के शुल्काची घोषणा झाल्यानंतर बाजार कोसळला. त्या चोवीस तासांत एकोणीस अब्ज डॉलरच्या आसपासचे उधारीवरचे व्यवहार एक्स्चेंजांनी जबरदस्तीने बंद केले. एका दिवसात इतकं कधी झालं नव्हतं. काही लहान नाणी मिनिटांत सत्तर-ऐंशी टक्क्यांनी पडली. माझा स्टॉप ३,९०० ला होता, पण स्टॉप म्हणजे हमी नसते. तो भाव लागला की जो मिळेल त्या भावाने विक, एवढाच तो निरोप असतो, आणि त्या मिनिटाला घेणारंच कोणी नव्हतं. विक्री झाली ३,६८० ला. तीन हजारांऐवजी दहा हजार गेले. रविवारपर्यंत भाव पुन्हा ४,१०० च्या वर होता. तो पाहताना पोटात जे होतं त्याला मला मराठीत एकच शब्द सापडतो, कालवाकालव.

दहा हजारांनी माझं काही बिघडलं नाही, हेही खरं सांगितलं पाहिजे. खात्याच्या साडेतीन टक्क्यांच्या आत गोष्ट संपली. रेघ मी दोनदा हलवली, पण किती घ्यायचं हे मात्र दोन्ही वेळा वहीप्रमाणे घेतलं होतं, आणि माझ्या मोडलेल्या शिस्तीला त्या न मोडलेल्या शिस्तीने सांभाळून घेतलं. भाच्याला सांभाळणारं काही नव्हतं. त्याचा फोन पाच चाळीसला आला. साडेपाचच्या फंडिंगचा गजर लावून उठला होता तो, आणि ॲप उघडलं तर खातं रिकामं. एक लाख चाळीस हजार. ‘मावशी, दिशा बरोबर होती गं माझी,’ एवढंच दोन-तीनदा म्हणाला. मी अंधारात पलंगावर बसून ऐकत होते. शिकवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. बोलता आलं नाही. कोणत्या तोंडाने बोलणार होते? ‘चहा घे, अंघोळ कर, आज फोन घरी ठेवून बाहेर जा,’ एवढं म्हणाले. फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसले होते. बाहेर दूधवाल्याच्या किटल्या वाजत होत्या.

दिवाळीला गावी गेले, हिंगणघाटच्या पुढे आमचं वावर आहे तिथे. भाचाही आला. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसाने पऱ्हाटीची खालची बोंडं सडून काळी पडली होती, वरची तेवढी फुटली होती. बाबा पंच्याहत्तरीचे आहेत, अजून सकाळी एक चक्कर मारतातच. मी त्यांच्यासोबत धुऱ्यावरून चालत होते. पायाला दव लागत होतं. का कोण जाणे, मी त्यांना २०१३ च्या धूळपेरणीचं विचारलं.

कोरडवाहूत कपाशी लावणाऱ्याला हे सांगायला नको. पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत बी टोबायचं. पाऊस वेळेवर आला तर पीक सगळ्यांच्या पुढे, आणि नाही आला तर बी गेलं. कृषी खात्याचे लोक दर जूनला कानीकपाळी ओरडतात की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. बाबा तर त्यांच्याही पुढचे. ते पाऊस झाल्यावरही वावरात उकरून बघायचे, ओल कुठवर गेली. वीतभर ओल नसेल तर घरी परत. वापसा आल्याशिवाय बैल जुंपायचे नाहीत. गावातले सगळे पेरून बसले तरी बाबा ओट्यावर शांत. आई धुसफुसायची. असा माणूस, पण २०१३ च्या जूनमध्ये कोणाच्या तरी आग्रहाने त्यांनी अर्धं वावर धुळीत टोबलं. आणि त्या वर्षी पाऊस असा लागला, की बी वाया गेलं नाही. झाडं कमरेला आली तेव्हा गावातले बाकीचे डवरणीतच होते. बाबांचा चेहरा मला आठवतो, माझ्या दसऱ्याच्या हसण्यासारखाच असणार. पुढच्या वर्षी त्यांनी उकरून पाहिलं नाही, सगळं वावर धुळीत टोबलं. २०१४ चा जून कोरडा गेला. मुंग्यांनी बी नेलं, जे उगवलं ते करपलं. जुलैत दुबार पेरणी झाली, उधारीच्या बियाण्यावर, आणि ती उधारी फिटायला तीन वर्षं लागली. माझ्या लग्नात आईने दिलेली पाटली परत माझ्याकडून मागून घ्यायची वेळ आली होती, ती मी आनंदाने दिली, पण बाबांनी तेव्हा वर पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, ‘बाबा, चौदा सालचं आठवलं की वाईट वाटते का?’

ते थांबले. एक बोंड फुटलेलं होतं, त्यातला कापूस दोन बोटांनी अलगद काढला, त्याला चिकटलेली काळी पानकाडी वेचून टाकली. म्हणाले, ‘चौदाचं नाही वाटत, बाई. तेराचं वाटते. त्या साली पाऊस नसता आला तर बरं झालं असतं.’

मी काही बोलले नाही. आम्ही विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो.

त्या दिवशी दुपारी सगळे जेवून पडले होते तेव्हा मी भाच्याला ओसरीवर बोलावलं. वही सोबत नेली होती, का नेली होती ते मला निघतानाही नीट सांगता आलं नसतं. त्याच्यासमोर २५ सप्टेंबरचं पान उघडलं. त्याने वाचलं, ४,१८०, ३,८५०, ३८,००० रुपयांची खरेदी. मग दसऱ्याची विक्री. तो हिशेबाला तल्लख आहे, लगेच म्हणाला, ‘पण मावशी, मध्ये ३,८५० च्या खाली गेला होता ना भाव? मग तुझं विकलं कसं नाही गेलं?’ मी सांगितलं. घास, अंगठा, गरबा, सगळं. मग १० ऑक्टोबरचं पान उघडलं, तेही सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. रागावेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. त्याने पान उलटून पुन्हा सप्टेंबरवर आणलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘इथे काही लिहिलं नाहीस,’ म्हणाला.

खरंच तो रकाना कोरा होता. दोन्ही पानांवर. तीन वर्षांच्या वहीत तेवढेच दोन कोरे. मी पेन काढलं आणि आठवून पाहिलं. बातमी काही वेगळी होती का, आलेखात काही दिसलं होतं का, कोणी काही सांगितलं होतं का. ओसरीच्या कोपऱ्यात बाबांनी वेचून आणलेला कापूस पसरला होता, त्याचा कोरडा, थोडा मातकट वास येत होता. भाचा वाट बघत होता.

मी लिहिलं, ‘कारण नाही.’ मग पान उलटलं आणि दुसऱ्याही रकान्यात तेच लिहिलं.